पायाखालचं बटण

अंधार पडल्यावर मी गाडीत चालवणाऱ्याच्या शेजारी बसले, की माझा डावा पाय माझं ऐकत नाही. समोरून दिवे दिसले रे दिसले, की तो खालची चटई जोरात दाबतो. माझा धाकटा मुलगा कागलच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. शनिवारी संध्याकाळी तो मला कोल्हापुरातून त्याच्या घरी घेऊन जातो. परवा त्यानं शेवटी विचारलंच, "आई, सारखा पाय काय आपटतीस? माझ्या ड्रायव्हिंगची भीती वाटती व्हय?" म्हटलं, "भीती कसली? डिपर देते." तो हसला आणि स्टिअरिंगजवळच्या दांडीला टिचकी मारून म्हणाला, "डिपर आता हितं असतोय." असतो खरा, पण देतो कोण? समोरचा पांढरेफटक दिवे डोळ्यांत सोडत येतो, आमचे चिरंजीव त्याच्या डोळ्यांत आणखी पांढरे सोडतात, आणि दोघं एकमेकांना आंधळं करून, एकमेकांच्या आईचा उद्धार करत निघून जातात. आबा असते तर गाडी थांबवून दोघांनाही खाली उतरवलं असतं.

आबा म्हणजे माझे वडील. ट्रक चालवायचे. कोल्हापूरच्या बाजारातून गुळाच्या ढेपा भरायच्या, गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात टाकायच्या आणि येताना कौलं किंवा सुकी मासळी घेऊन यायचं, हे त्यांचं आयुष्य. आमचं घर त्याच रस्त्याला, घाटाच्या अलीकडे, एका वळणावर. त्या काळच्या गाड्यांत डिपरचं बटण हाताशी नसायचं. क्लचच्या डाव्या अंगाला, खाली पत्र्यावर, लोखंडी टोपणासारखं एक बटण असायचं. डाव्या पायानं दाबलं की 'टक्' व्हायचं आणि लांबवर गेलेला उजेड खाली, चाकांपुढं यायचा. परत दाबलं की अप्पर. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून आबा मला जवळच्या फेरीला बरोबर घ्यायचे. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचा उंचवटा असतो, त्यावर गोधडी घालून मला बसवायचे. खालून इंजिनाची ऊब, मागून गुळाचा वास, आणि मांडीवर आईनं फडक्यात बांधून दिलेली भाकरी नि खर्डा. तिथून पाय खाली सोडला की तो बरोबर त्या बटणावर पडायचा. समोर दिवे दिसले की आबा म्हणायचे, "दे." मी टाचेनं दाबायची. टक्. रस्ता तेव्हा एकेरी, डांबराची एक पट्टी. एकानं खाली मातीत उतरल्याशिवाय दुसरा जायचा नाही. आबा नेहमी आपलीच गाडी उतरवायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे त्येला. मग आपन जाऊ." समोरचा अप्परवरच राहिला तरी आबा परत अप्पर द्यायचे नाहीत. मी एकदा चिडून विचारलं, त्यानं दिला नाही तर आपण का द्यायचा? तर म्हणाले, "त्येला दिसलं न्हाई तर मरनार आपन दोघं बी. येडी का खुळी तू?"

हे सगळं मी बारा वर्षांची होईपर्यंत. मग एके दिवशी मी गोधडी घेऊन ट्रककडे निघाले तर आबांनी माझ्याकडे न बघता आईला सांगितलं, "तिला आता घरात घे." बस्स. माझं काय चुकलं ते मला कुणी सांगितलं नाही. पुढं दोन-चार महिन्यांनी आपोआप कळलं.

त्यानंतरची शाळेची वर्षं कशीबशी गेली. शाळा तरी होती, जायला-यायला रस्ता तरी होता. बारावी झाली आणि तोही संपला. ट्रकवाल्याच्या घरात राहणं म्हणजे काय असतं ते ज्यानं काढलंय त्यालाच कळेल. आबा रात्रभर गाडी चालवून पहाटे यायचे आणि दिवसा झोपायचे. म्हणजे दिवसा घर गप्प. आई भांडी घासताना खाली ओलं पोतं अंथरायची, म्हणजे आवाज होत नाही. फोडणी द्यायची ती पातेल्यावर झाकण दाबून धरून. रेडिओला फडकं बांधून ठेवलेलं. मला शिंक आली तर मी पदर तोंडात कोंबून परसात पळायची. आम्ही दोघी खुणांनी बोलायचो, आणि इतकी वर्षं बोलून त्यात एवढ्या तरबेज झालो होतो की खुणांनी भांडायचोसुद्धा. त्यांच्या डोळ्यांचा त्रास तेव्हाच सुरू झाला होता. डोळे कायम लाल, पाणी गळायचं. कोल्हापूरच्या डॉक्टरनं प्रखर उजेडाकडे बघू नका म्हणून सांगितलेलं, आणि धंदा असा की रोज रात्री तेच करायचं. मग दिवसभर खिडक्या बंद, डोळ्यांवर गार पाण्याची घडी, आणि त्या अंधारातून हुकूम. चहा आण. दार लाव. शालीला खिडकीपाशी बसू देऊ नगंस. शाली म्हणजे मी, शालन. उलट प्रश्न विचारायची सोय नव्हती. आवाज असा चढायचा की मांडणीवरचे पितळी डबे थरथरायचे. आई एकदा परसात चुलीपुढे बसून मला हळूच म्हणाली, "रस्त्यावर सगळ्यास्नी डिपर देत्यात तुझं आबा. घरात आमास्नी तेवढं अप्पर." आणि आपणच बोललेल्याला घाबरून तिनं मागं वळून पाहिलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो, अर्थात आवाज न करता.

दिवेलागणीला आबा गेले की घर माझं व्हायचं, पण तोवर दिवस संपलेला असायचा. मी रस्त्याकडच्या खिडकीवरचं पोतं बाजूला करून बसायची. घर वळणावर असल्यामुळं घाटाकडून येणाऱ्या गाडीचा उजेड थेट आमच्या घरात शिरायचा. आधी देवांच्या तसबिरी, मग मांडणी, मग भाकरी थापणारी आई, मग कोपऱ्यातली ताकाची घागर, असं करत करत तो सगळ्या घरावरून फिरायचा आणि निघून जायचा. प्रत्येक गाडी आमचं घर बघून कोल्हापूरला जायची, मी मात्र तिथंच. कधी कधी वाटायचं उठावं आणि त्या उजेडातच सरळ चालत सुटावं. माझा जीव तेव्हा खरंच गुदमरायचा. आज एवढ्या वर्षांनी लिहिताना त्याला गोंडस नाव देण्याची मला काही गरज वाटत नाही. मी कोंडलेली होते आणि मला त्याचा राग होता.

शाळेतल्या आमच्या कदमबाईंना माझी काळजी होती. त्यांनी कोल्हापूरच्या नर्सिंगच्या शिक्षणाचा फॉर्म आणून गुपचूप आईच्या हातात दिला. राहायची सोय वसतिगृहात, तीन वर्षं, मग नोकरी. मी तो एका बैठकीत भरला. फक्त शेवटी पालकाची सही राहिली होती, आणि ती मागण्याची हिंमत आम्हा दोघींपैकी कुणातच नव्हती. फॉर्म घडी करून तांदळाच्या डब्यात ठेवला. आबा स्वयंपाकघरात फिरकत नसत, त्यामुळं तिथं तो सुरक्षित. रोज तांदूळ काढताना मी हात खोल घालून तो चाचपायची. एकदा घडी उलटी पडलेली सापडली. मला वाटलं आईचा हात लागला असेल. फॉर्म सोमवारपर्यंत कोल्हापुरात पोचायला हवा होता, आणि त्याच्या आदल्या शुक्रवारी वसंतमामा स्थळ घेऊन आला.

वसंतमामा आईचा भाऊ. मनानं चांगला, पण कुणाचं लग्न जमवलं नाही तर त्याला अन्न गोड लागत नसे. स्थळ इचलकरंजीचं होतं. घरचे माग, खाली मागाची शेड, वर राहतं घर. मुलगा एकुलता, वडील नाहीत, चुलत्याच्या शब्दाबाहेर नाही. "पोरगी सुखात पडंल की," मामा म्हणाला. आबांनी डोळ्यांवरची घडी काढली, मामाकडे पाहिलं आणि म्हणाले, "रविवारी घिऊन या." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ती रात्र मी डोळे उघडे ठेवून काढली. मामानं शेडचं वर्णन हौसेनं केलं होतं. माग रात्रंदिवस चालतात, घरात बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. ज्या घरात आवाज करायचा नाही तिथून ज्या घरात आवाज ऐकू जाणार नाही तिथं मी जायची होते, इतकाच काय तो फरक.

रविवारी आईनं सकाळपासून घर शेणानं सारवलं, पोहे निवडले, शेवेचे लाडू वळले. आबा आदल्या रात्री फेरीला गेले नव्हते. ते पांढरा सदरा घालून बसले होते. पाहुणे चारला यायचे ते आले साडेसहाला. थंडीचे दिवस, अंधार पडलेला. आणि त्यांची जीप अंगणात शिरतानाच गावची लाईट गेली. आई कंदील शोधायला आत धावली. आबा पुढं होऊन म्हणाले, "या पावणं, बसा. कंदील आणतोय." तर मुलाचे चुलते म्हणाले, "कंदिलात काय दिसतंय वो? जीप हाय की! ए, बंद करू नगंस, असूंदे चालू. लाईट मार पोरीवर."

मग जे झालं ते असं. जीपचं तोंड घराकडे, दिवे अप्परवर. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू. पाहुण्यांच्या बाजा उजेडाच्या दोन्ही अंगांना, अंधारात. आणि बरोबर मधोमध, सोप्याच्या, म्हणजे ओसरीच्या, पायरीपुढे एक खुर्ची. त्या खुर्चीवर आईचं हिरवं लुगडं नेसून मी. मला काही म्हणजे काहीही दिसत नव्हतं. दोन पांढरे गोळे आणि त्यांच्यामागं काळोख. त्या काळोखातून प्रश्न येत होते, आणि इंजिनाच्या आवाजात ते ऐकू जावेत म्हणून ओरडून विचारले जात होते. उत्तरंही मला ओरडूनच द्यावी लागत होती. नाव काय? शिक्षण किती? भाकरी थापायला येतात का? मागावरच्या कामगारांचं जेवण घरातच असतंय, दोन पाळ्यांचं, वीस माणसं, जमंल का? मी जमंल म्हणून ओरडले. मुलगा यातला कोण ते कळायला मार्ग नव्हता. आबा माझ्या उजव्या हाताला, खुर्चीला लागून उभे होते, त्यांच्या सदऱ्याची कड तेवढी डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसायची. मी मनात म्हणत होते, आबा, बोला काहीतरी. डिपर दिला नाही म्हणून एकदा तुम्ही घाटात ट्रक आडवा लावून भांडलात. आता बोला. पण ते एक शब्द बोलत नव्हते. मला त्या क्षणी त्यांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आलेला नाही.

"चालून दाखव," चुलत्यांनी फर्मावलं. "जीपपतुर जा आनि परत ये."

मी उठले. उजेडातच चालत सुटावं असं मला कधीपासून वाटत होतं, आणि आता चालत होते तर प्रत्येक पावलाला डोळे जास्त जळत होते. जीपपाशी पोचले आणि दिव्यांच्या बाजूला, अंधारात सरकले, तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. परत फिरायचं होतं. मी फिरले नाही. जीपला दारं नव्हती. मी डाव्या अंगानं आत वाकले. स्टिअरिंगवर कुणीतरी होतं, वीस-बावीस वर्षांचा एक पोरगा, इस्त्रीच्या शर्टात घामाघूम झालेला. इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला तिथंच बसवून ठेवलं होतं. हाच नवरा मुलगा. त्याला बघायला म्हणून सगळे आले होते का मला, देव जाणे, पण त्याला आमच्या अंगणात उतरूसुद्धा दिलं नव्हतं. तो घाबरून पुटपुटला, "काका बंद करू नगंस म्हटल्यात." मी म्हटलं, "बंद नाही करत. पाय काढा." त्यानं निमूटपणे पाय वर घेतला. मी हात लांबवून क्लचच्या अलीकडचं ते गार लोखंडी बटण तळव्यानं दाबलं. टक्.

उजेड खाली पडला. खुर्चीच्या पायांशी आला. मी वळून पाहिलं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बाजांवर पाच-सहा माणसं, लाडू खात. आणि खुर्चीशेजारी आबा. हात जोडलेले, डोळे गच्च मिटलेले, गालांवरून पाण्याच्या धारा, पांढऱ्या सदऱ्याचा पुढा भिजलेला. म्हणजे सगळा वेळ तोच उजेड त्यांच्याही डोळ्यांत जात होता. मला खुर्ची तरी होती, ते उभे होते. मुलीचा बाप म्हणून उभे होते आणि मुलीचा बाप म्हणूनच गप्प होते. मला रडू फुटलं. एवढा रागीट माणूस मी कधी एवढा लाचार पाहिला नव्हता, आणि तो माझ्यासाठी लाचार झाला होता.

"ए पोरी!" चुलते उठले. "काय केलंस? गाडीत हात घालायला कुनी शिकवलं तुला?"

मी तोंड उघडायच्या आत आबा डोळे न उघडताच म्हणाले, "मी."

"आं?"

"मी शिकवलं. डिपर हाय त्यो. समोर मानूस असलं की द्यायचा असतोय."

"आमी मुलाकडचं हाय, पावणं. कुनाफुडं बोलालाय तुमी?"

"व्हय. म्हनूनच मघाधरनं गप हुतो."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. चुलत्यांनी लाडू ताटलीत परत टाकला. वसंतमामा "अवो, पोर हाय, चुकलं तिचं, बसा की" म्हणत एकेकाचे हात धरत होता. जीपमधला मुलगा मात्र माझ्याकडे बघून किंचित हसला. पुढं त्याचं काय झालं मला माहीत नाही. बरंच झालं असावं, अशी माझी इच्छा आहे. आई आबांपाशी येऊन रडत म्हणाली, "आवो, थांबवा त्यास्नी. मानसं निघाली."

आबा म्हणाले, "जाऊ दे त्यास्नी. मग आपन जाऊ."

आईला ते वाक्य कळलं नाही. तिला वाटलं, उद्या इचलकरंजीला जाऊन पाय धरायचे. मला कळलं. सहा वर्षं मी ते वाक्य ऐकलं नव्हतं.

जीप मागं सरकली, वळली, आणि वळताना चुलत्यांनीच सांगितलं असेल, परत अप्पर लागला. उजेड अंगणावरून फिरत आमच्याकडे आला. मी आबांच्या शेजारी येऊन उभी होते. त्यांनी चाचपडत हात वर केला आणि माझ्या डोळ्यांपुढं धरला. स्वतःच्या नाही, माझ्या. गूळ आणि डिझेलचा वास असलेला तो हात गाडी रस्त्याला लागेपर्यंत तिथंच होता.

पुढं तीस-पस्तीस वर्षं मी वॉर्डांत रात्रपाळ्या केल्या. नव्या पोरी राउंडला जाताना पेशंटच्या तोंडावर टॉर्च मारायच्या, तेव्हा मी त्यांचा हात धरून खाली करायची. टॉर्च जमिनीवर मारायची, माणूस तेवढ्या उजेडातही दिसतो. त्या मला खडूस म्हणायच्या, म्हणोत बापड्या. आबांचा आवाज त्या रविवारनंतर काही उतरला नाही, भांडी ओल्या पोत्यावरच घासली गेली, आणि मी सुट्टीला घरी आले की मलाही तेच हुकूम असायचे. माणूस एका संध्याकाळीत बदलतो असं मी तरी पाहिलेलं नाही.

पण त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर आम्ही तिघं सोप्यावर बसलो होतो. लाईट आलेली नव्हती. आई कंदिलाची काच पुसत मुसमुसत होती. आबांनी डोळ्यांवर ओली घडी धरली होती. तशीच धरून ते म्हणाले, "फारम आन."

मी म्हटलं, "कसला फॉर्म?"

"तांदळाच्या डब्यात हाय त्यो."

मी आईकडे पाहिलं. आईनं घाईघाईनं मान हलवली, मी नाही सांगितलं म्हणून. मी आत जाऊन फॉर्म आणला, झटकला, दोन-चार तांदूळ सोप्यावर सांडले. पेन त्यांच्या हातात दिलं. आबांनी डोळ्यांवरची घडी बाजूला केली, कागदाकडे बघायचा प्रयत्न केला, आणि डोळ्यांतून परत पाणी सुरू झालं. त्या उजेडानं त्यांना अजून काही दिसत नव्हतं. त्यांनी हात माझ्यापुढं केला.

"कुठं करायची ते दाव."

मी त्यांचा हात धरला आणि रेघेवर नेऊन टेकवला.

"हितं?"

"हितं," मी म्हटलं.